केराची बादली आणि यज्ञचक्र
(चातुर्मास प्रवचनमालेतील एक निरूपण)



श्रीमद्भगवद्गीतेच्या तिसऱ्या अध्यायातील यज्ञचक्राचे चिंतन आपण गेले काही दिवस करीत आहोत. अन्न, पर्जन्य, यज्ञ आणि कर्म यांची जी साखळी भगवंतांनी तेथे सांगितली आहे, तिचा आशय थोडक्यात इतकाच की, जे आपणांस मिळाले ते आपल्यापाशीच थांबवावयाचे नाही. ते पुढे द्यावयाचे. जो केवळ घेतो आणि पुढे काहीच देत नाही, तो हे चक्र अडवून धरतो. यज्ञ म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर होमकुंड, समिधा आणि तुपाची धार उभी राहते. आज मात्र मी आपणांस होमकुंडाकडे नेणार नाही. आपल्या स्वयंपाकघरात ओट्याखाली जी केराची बादली असते, तिच्याकडे नेणार आहे. विषय ऐकून कोणी नाक मुरडू नये. ज्या वस्तूकडे पाहण्याची आपणांस लाज वाटते, तिच्यापाशीच पुष्कळदा धर्माची परीक्षा होत असते.

आपल्या स्मृतिकारांची दृष्टी किती सूक्ष्म होती पाहा. गृहस्थाच्या घरी पाच ठिकाणी नकळत हिंसा घडते, असे त्यांनी सांगून ठेवले. चूल, जाते, केरसुणी, उखळ आणि पाण्याची घागर ही ती पाच ठिकाणे. त्यांनाच ‘पंचसूना’ म्हणतात. चुलीवाचून आणि केरसुणीवाचून संसार चालत नाही. म्हणून ही हिंसा टाळता येत नाही. परंतु टाळता येत नाही म्हणून ती विसरावी, असे मात्र शास्त्राने सांगितले नाही. तिच्या परिमार्जनासाठी रोजचे पाच महायज्ञ सांगितले: ब्रह्मयज्ञ, पितृयज्ञ, देवयज्ञ, भूतयज्ञ आणि मनुष्ययज्ञ. मला असे नम्रपणे सुचवावेसे वाटते की, आजच्या शहरवासी गृहस्थाच्या घरी या पाचांत सहाव्या स्थानाची भर पडली आहे. ते स्थान म्हणजे केराची बादली.

आपण म्हणाल, केर काय पूर्वी नव्हता? होता; पण तो चक्राबाहेर जात नव्हता. आपल्या आज्या-पणज्यांच्या घरी भाजीची देठे गाईपुढे जात. चुलीतील राख भांडी घासावयास उपयोगी पडे. उरलेसुरले परसातील उकिरड्यावर जाई आणि पावसाळ्यापूर्वी तेच खत होऊन शेतात पसरे. पृथ्वीचे पृथ्वीला परत मिळे. आज परसदार गेले, गाय गेली, चूलही गेली. आणि जे मातीत मिसळत नाही असे प्लॅस्टिक घरात आले. सकाळी आपण सारे एका पिशवीत कोंबून दाराबाहेर ठेवतो आणि हात धुऊन देवपूजेला बसतो. ती पिशवी गेली कोठे, हा प्रश्न आपल्या संध्येत कोठेच येत नाही. पुष्कळ गावी तीच पिशवी रस्त्यावरची गाय आतील अन्नासह गिळते आणि पोटात प्लॅस्टिकचा गोळा साठून तडफडून मरते. भूतयज्ञात प्राण्यांसाठी बली काढावयाचा असतो. येथे मुक्या प्राण्याचाच बळी पडतो, आणि तोही आपल्या घरच्या उष्ट्याच्या वासाने ओढला जाऊन!

आता जो केर उचलून गावाबाहेर नेला जातो, त्याचे काय होते ते पाहू. पुष्कळ वर्षे एकच रीत होती: मोठा खड्डा करावा, त्यात टाकावे, वर माती लोटावी. दृष्टिआड सृष्टी! परंतु मातीखाली गेलेले अन्न मेलेले नसते. उघड्या हवेत कुजणाऱ्या पदार्थाची एक गती, आणि जेथे हवा पोहोचत नाही तेथे कुजणाऱ्या पदार्थाची दुसरी. हवेवाचून जगणारे सूक्ष्म जीव त्या ढिगाच्या पोटात अन्नाचे विघटन करतात आणि त्यातून मिथेन नावाचा ज्वालाग्राही वायू निर्माण होतो. हा वायू वर आकाशात गेला, तर शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायॉक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता धरून ठेवतो, असे शास्त्रज्ञ सांगतात. ढिगाऱ्यातून झिरपणारे काळे पाणी खाली विहिरींना जाऊन मिळते. आणि वायूला ठिणगी मिळाली की ढीगच पेटतो. मुंबईतील देवनारच्या कचराभूमीवर केर टाकणे १९२७ साली सुरू झाले. तेथे जानेवारी २०१६ मध्ये मोठी आग लागली. कित्येक दिवस धूर शहरावर राहिला आणि मुलांच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. दिल्लीत गाझीपूर येथे १ सप्टेंबर २०१७ रोजी केराचा डोंगरच कोसळला आणि दोन माणसे प्राणांस मुकली. पुरल्याने वस्तू नाहीशी होत नाही, श्रोतेहो. पुरलेले पाप जसे वर येते, तसाच पुरलेला केरही वर येतो.

परंतु आता ईश्वरी योजनेतील कौतुक पाहा. जो वायू ढिगाऱ्यात आग लावतो, तोच बंद पात्रात धरला तर चूल पेटवतो. सूक्ष्म जीव तेच, अन्न तेच, वायूही तोच. अंतर केवळ एका गोष्टीचे, ते म्हणजे संयमाचे. ओला केर बारीक करून, पाणी मिसळून, हवा जाणार नाही अशा मोठ्या पात्रात ठेवावा. तेथे सूक्ष्म जीव टप्प्याटप्प्याने त्याचे पचन करतात. प्रथम मोठे घटक फुटून विरघळतात, मग त्यांची आम्ले होतात आणि शेवटी त्या आम्लांपासून वायू होतो. या वायूत निम्म्याहून अधिक भाग मिथेनचा असतो. तो शुद्ध करून दाबाखाली भरला की वाहनाचे इंधन झाले. मागे जो रेंदा उरतो, त्याचे खत होते. अग्नी चुलीला आणि खत भूमीला, म्हणजे चक्र पुन्हा फिरू लागले.

ही विद्या काल-परवाची नव्हे. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी स्वयंपाकघरातील ओल्या केरापासून वायू निर्माण करणारे जे संयंत्र विकसित केले, त्याला ‘निसर्गऋण’ असे नाव देण्यात आले. या नावापाशी मी पुष्कळ वेळ थबकलो. देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण घेऊनच मनुष्य जन्मास येतो, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. प्रयोगशाळेत काम करणाऱ्या एका वैज्ञानिकालाही आपल्या यंत्रास नाव देताना ‘ऋण’ हाच शब्द जवळचा वाटावा, याहून आपल्या परंपरेचा मोठा गौरव कोणता?

आणि दूर कशाला जावे? होळकरांच्या काळापासून ज्या नगरीत आपली मराठी कुटुंबे नांदत आली, त्या आपल्या इंदूरचेच पाहा. देवगुराडियाच्या टेकडीपाशी शिवाचे प्राचीन स्थान आहे. त्या दर्शनाला जाताना वाटेत केराचे डोंगर, धूर आणि दुर्गंधी लागत असे, हे आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना आठवत असेल. मी स्वतः उपरण्याने नाक झाकून त्या वाटेने गेलो आहे. वर्षानुवर्षे साठलेला लक्षावधी टन केर २०१८ च्या सुमारास उकरून, चाळून, वेगळा करून तेथून हलविण्यात आला आणि सुमारे १०० एकर भूमी मोकळी झाली. त्याच देवगुराडियाला १९ फेब्रुवारी २०२२ रोजी ‘गोबरधन’ या नावाने ओल्या केरापासून वायुइंधन करणाऱ्या प्रकल्पाचे उद्घाटन झाले. रोज ५५० टन ओला केर घेण्याची त्याची क्षमता, आणि त्यापासून रोज सुमारे १७,००० किलो वायू व १०० टन सेंद्रिय खत मिळावे अशी त्याची योजना. या वायूवर शहराच्या बसगाड्या चालविण्याचे ठरले. आज आपल्यापैकी कोणी बसने मंदिरात आला असेल, तर कदाचित आपल्याच घरच्या दुधीच्या सालींनी त्याला येथवर आणून सोडले असेल!

येथवर ऐकून कोणास वाटेल, मग आपण निश्चिंत झालो. यंत्र आले, आता केराची काळजी यंत्र करील. बंधुभगिनींनो, नेमके येथेच माझे म्हणणे सुरू होते.

आपल्या जठरात वैश्वानर अग्नी राहतो आणि तोच अन्न पचवितो, असे आपण मानतो. पण त्या वैश्वानरापुढे कोणी भातात खडे, काचा आणि खिळे कालवून ठेवले, तर तो काय करील? केराच्या पात्राचेही तसेच आहे. त्यातील सूक्ष्म जीवांना भात, भाजी, फळांच्या साली पचतात. प्लॅस्टिकची पिशवी पचत नाही. औषधे आणि रंग त्यांना विषासारखे होतात. दिल्लीत तिमारपूर येथे १९८७ साली डेन्मार्क देशाच्या साहाय्याने केर जाळून वीज करण्याचा मोठा कारखाना उभारला गेला होता. रोज ३०० टन केर जाळण्याची त्याची योजना होती. पण येथे येणारा केर मिश्र, ओला आणि मातीने भरलेला; त्यात पुरेशी उष्णताच निघेना. कारखाना थोड्याच काळात बंद पडला. परदेशातून यंत्र आणता येते. पण त्या यंत्रापुढे ठेवावयाची वस्तू तर आपल्याच घरातून जाणार ना! नैवेद्याचे तांदूळ आपण ताटात पसरून एकेक खडा वेचतो. तो खडा देवाच्या दाताखाली येईल म्हणून नव्हे. आपली अर्पणबुद्धी स्वच्छ असावी म्हणून. इंदूरला जे साधले, ते केवळ देवगुराडियाच्या यंत्राने साधले नाही. दारावर येणाऱ्या कचरागाडीत ओले, सुके आणि अपायकारक वेगवेगळे देण्याची सवय लाखो घरांनी लावून घेतली, म्हणून साधले. तो दूरचा अग्नी खरे तर आपल्या ओट्याशीच प्रज्वलित होतो.

आता एक आठवण सांगतो. ती माझ्या अभिमानाची नाही, लाजेची आहे. एका उत्सवात मंदिरात महाप्रसाद झाला. पंगती उत्तम उठल्या. रात्री थकलेल्या स्वयंसेवकांनी पत्रावळी, उरलेला भात, हार, प्लॅस्टिकचे पेले आणि उदबत्त्यांची पुडकी सारे एकाच पोत्यात भरले. अशी नऊ पोती झाली. सकाळी कचरागाडी आली. गाडीवरच्या तरुण मदतनिसाने पोते उघडून पाहिले आणि शांतपणे सांगितले की, हे असे घेता येणार नाही, वेगळे करून द्या. आमच्यातील एक गृहस्थ संतापले. “अरे, हा देवाचा प्रसाद आहे, आणि तू नियम शिकवतोस?” असे काहीसे ते बोलले. तो मुलगा खाली मान घालून उभा राहिला. मीही तेथे उभा होतो. उपरणे नाकाला लावून उभा होतो. आदल्या रात्रीच मी यज्ञावर तासभर बोललो होतो.

एवढ्यात भजनी मंडळातील एक वृद्ध आजी पुढे आल्या. त्यांनी पदर खोचला, पायरीवर बैठक मारली आणि पहिले पोते स्वतःपुढे ओढले. भात एकीकडे, पेले एकीकडे, हार एकीकडे. कोणी म्हणाले, “आजी, हे आपण कशाला करता? आपण आताच स्नान करून आलात.” त्या म्हणाल्या, “अरे, पुन्हा करीन स्नान. काल जेवताना लाज वाटली नाही, मग आज उचलताना कसली?” एवढे बोलून त्या पुन्हा कामाला लागल्या. मग एकेक जण बसला. रागावलेले गृहस्थही बसले. शेवटी मीही उपरणे कमरेला बांधून बसलो. दीड तासात नऊ पोती निवडून झाली. तो मुलगाही आमच्याबरोबर बसून होता. त्याला कोणी बोलावले नव्हते. त्या दीड तासात यज्ञाचा जो अर्थ मला कळला, तो पुष्कळ वर्षांच्या पोथीवाचनात कळला नव्हता.

येथे जाणकार श्रोता एक शंका घेईल, आणि ती योग्यच आहे. उच्छिष्ट हे हविर्द्रव्य होऊ शकत नाही. मग केराला आपण आहुती कसे म्हणता? मी केराला आहुती म्हणत नाही. यज्ञ अनेक प्रकारचे आहेत आणि द्रव्याचा यज्ञ हा त्यांतील एकच प्रकार, हे गीतेच्या चौथ्या अध्यायात आपण पाहिले. येथे अर्पण करावयाची वस्तू केर नव्हे. ती वस्तू म्हणजे आपली सोय. सारे एकत्र कोंबण्यात जी दोन क्षणांची सोय आहे, तिचा त्याग हीच आहुती. तूप विकत मिळते, समिधा विकत मिळतात. हे दोन क्षण मात्र ज्याचे त्यालाच द्यावे लागतात.

दुसरी शंका निर्माल्याची. देवाला वाहिलेली फुले केरात कशी टाकावी, म्हणून आपण ती नदीत सोडतो. भावना वंदनीय आहे. पण ज्या नदीला आपण माता म्हणतो, तिच्या पात्रात फुलांबरोबर दोरा, चमकीचा कागद आणि पिशवी सोडणे ही कोणती मातृभक्ती? निर्माल्य स्वतंत्र ठेवावे, त्यातील दोरे आणि कागद काढावेत, आणि त्याचे खत करून ते तुळशीला, पारिजातकाला घालावे. देवाची फुले देवाच्याच झाडांना परत गेली, तर त्यात अनादर कोठे आहे?

तिसरी शंका अधिक सूक्ष्म आहे, आणि तिच्यापासून मी आपणांस विशेष सावध करू इच्छितो. उरलेल्या अन्नाचा वायू होतो, मग ताटात टाकले तर बिघडले काय? बिघडते. जे अन्न पिकविण्यासाठी शेतकऱ्याने चार महिने घाम गाळला, पाणी, खत आणि बैलांचे श्रम खर्ची पडले, त्याचा वायू होऊन परत मिळतो तो त्याचा अल्प अंश. अन्नाची अवहेलना करू नये, हे व्रत उपनिषदाने घालून दिले आहे. ते कोणत्याही यंत्राने सैल होत नाही. म्हणून क्रम ध्यानात ठेवावा. प्रथम, मोजके शिजवावे. उरले तर भुकेल्या मुखी जावे. माणसाला चालत नसेल, तर गाईगुरांना द्यावे. त्यांनाही चालत नसेल तेच, आणि साली, देठे, चोथा एवढेच, त्या पात्रात जावे. वायूचे पात्र हे अन्नाचे शेवटचे आश्रयस्थान होय; उधळपट्टीला मिळालेला परवाना नव्हे.

आणि शेवटची गोष्ट, जी बोलताना मला संकोच वाटतो, पण न बोलणे हा अधर्म होईल. आपण पिढ्यान्पिढ्या केर काढण्याचे काम काही विशिष्ट माणसांवर टाकले, त्यांच्याच हातून आपली घाण उपसून घेतली आणि वर त्यांनाच दूर उभे केले. आपण मिश्र केर देतो, तेव्हा तो निवडण्याचे काम नाहीसे होत नाही. ते कोणाच्या तरी उघड्या हातांनी, कोणाच्या तरी मुलाच्या हातांनी होते. फुटलेल्या काचेसह आणि वापरलेल्या सुईसह. आपण स्वतःच्या घरी वेगळे करतो, तेव्हा त्या हातांवरील एक जखम टळते. हाच मनुष्ययज्ञ. संत गाडगेबाबा गावात आले की प्रथम हाती खराटा घेत, दिवसभर गाव झाडीत आणि रात्री कीर्तनाला उभे राहत. त्यांचे कीर्तन सकाळच्या खराट्यापासूनच सुरू होत असे. २० डिसेंबर १९५६ रोजी बाबांनी देह ठेवला. त्यांचा फोटो आपण भिंतीवर लावला. खराटा मात्र पुन्हा दुसऱ्याच्या हाती दिला.

म्हणून मंडळाच्या कार्यकारिणीपुढे आणि आपणां सर्वांपुढे मी तीन गोष्टी ठेवतो. पहिली, मंदिरात येत्या उत्सवापासून तीन पात्रे राहावीत: एक ओल्यासाठी, एक सुक्यासाठी आणि एक केवळ निर्माल्यासाठी. पंगतीत प्लॅस्टिकचे पेले नकोत. पाण्यासाठी प्रत्येकाने घरून आपले भांडे आणावे. दुसरी, महाप्रसादाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी जे काही वेगळे करावयाचे उरेल, ते पाळीपाळीने आपणच करावे. आणि पहिली पाळी प्रवचनकाराची असावी. तिसरी गोष्ट घरची. रोज देवपूजेपूर्वी एकदा केराची बादली पाहावी. तिच्यात दोन वस्तू चुकून एकत्र झाल्या असतील, तर त्या आपल्या हाताने वेगळ्या कराव्यात, हात धुवावेत आणि मग देवापुढे बसावे. त्या दिवशीची पूजा निराळी होईल, हे मी आपणांस अनुभवाने सांगतो.

जो अग्नी सूर्यात आहे, समईत आहे आणि आपल्या जठरात आहे, तोच आपल्या घरातून गेलेल्या सालींतही सुप्त आहे. त्याला मातीखाली कोंडून विष करावयाचे की जपून नेऊन चुलीतील ज्योत करावयाचे, एवढा निर्णय भगवंतांनी आपल्या हाती ठेवला आहे. तो आपल्या हातून योग्य व्हावा, अशी श्रीचरणी प्रार्थना करून मी ही सेवा येथे थांबवितो.

शुभं भवतु.